वलगाव ते एडिंबरो

अमरावतीहून परतवाड्याकडे निघाले की वलगावला पेढी नदी लागते. इथल्याच पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या या माणसाचे नाव लावणाऱ्या अमरावती विद्यापीठाने मे २०२० मध्ये कोरोनाच्या तपासण्या सुरू केल्या, हे आम्हाला शोभून दिसते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत रुग्ण एकाएकी वाढले. तपासणीतून रोग कळतो. विषाणू बदलला का, हे कळत नाही. त्यासाठी त्याच्या आरएनएची सुमारे ३० हजार अक्षरे वाचावी लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाराष्ट्रातील नमुने असे वाचले, तेव्हा काट्याच्या प्रथिनात तीन बदल एकत्र दिसले. केंद्राने नवे रूप २४ मार्चला जाहीर केले. म्हणजे अमरावतीची लाट उसळून महिना उलटला होता. ही दिरंगाई आम्हाला आजही खटकते.

या रूपाला हाक कशी मारायची? एडिंबरो, ऑक्सफर्ड आदी विद्यापीठांतील संशोधकांनी २०२० मध्येच विषाणूच्या वंशावळीची पद्धत बसवली होती. तिच्यात ते बी.१.६१७ झाले. त्यामुळे लंडनमधला आणि वऱ्हाडातला विषाणू एकाच कुळातला आहे का, हे कुणालाही ताडून पाहता आले.

नाव ही किरकोळ बाब नव्हे. १९६५ साली नागपूर भागातील रुग्णांत सापडलेल्या विषाणूला चांदीपुरा गावाचेच नाव चिकटले. २०२४ मध्ये गुजरातेत मुले दगावली, तेव्हाही बातम्यांत तेच नाव होते. ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरे दिली आणि बी.१.६१७.२ 'डेल्टा' झाला. अमरावती त्यातून सुटली. चांदीपुरा सुटले नाही.