दिनविशेष : ७ जुलै १९६२

डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केम्प व त्यांचे चार सहकारी यांनी मारहाणीने जायबंदी झालेल्या बालकांविषयीचा आपला निबंध अमेरिकन वैद्यक संघटनेच्या मुखपत्रात याच तारखेस प्रसिद्ध केला, आणि मूल पाळण्यातून पडल्याची जी हकिकत दवाखान्यात विनाचौकशी नोंदली जात असे, तिची शहानिशा करणे हे वैद्याचे कर्तव्य आहे असे निक्षून सांगितले. ७१ रुग्णालयांनी एका वर्षातील ३०२ प्रकरणे कळविली होती. त्यांतील ३३ बालके दगावली, ८५ जणांच्या मेंदूस कायमची इजा झाली. बोलता न येणाऱ्या लेकराची साक्ष क्ष-किरणचित्राने दिली: एक हाड नुकते मोडलेले, दुसरे जुने, सांधत आलेले. किती मुकी ही फिर्याद! १९६७ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत अशा मारहाणीच्या संशयाची वर्दी देण्याविषयीचे कायदे झाले.