सर्पगंधेची मुळी आणि मुंबईचे डॉक्टर

मुसफ्फाच्या शाबियात मराठी घरातला औषधांचा डबा उघडा, रक्तदाबाच्या गोळ्यांचं एखादं पाकीट बहुतेक सापडेलच. पण या आजारावरच्या सुरुवातीच्या प्रभावी औषधांपैकी एक जगाला मुंबईने दिलं, हे आपल्या मुलांना कुठे ठाऊक असतं? म्हणून हा लेखनप्रपंच.

सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहिलं होतं. परदेशात कोणी फारशी दखल घेतली नाही. मुंबईच्या के.ई.एम.चे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरचा अनुभव १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला, आणि मग बोस्टनपर्यंत चक्रं फिरली. १९५२ मध्ये सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसरपीन वेगळं केलं. वकिलांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

मला खरी गंमत पुढची वाटते. औषध रक्तातून जवळजवळ नाहीसं झालं तरी परिणाम कित्येक दिवस टिकायचा! मग ते बसलंय कुठे? नुसतं रक्त तपासून हे कळणार कसं?

मज्जातंतूंच्या टोकाशी इवल्या पिशव्यांत संदेशवाहक रसायनं साठतात. ती आत ओढणाऱ्या प्रथिनालाच रेसरपीन चिकटतं. हे मोजायला शास्त्रज्ञांनी गाईगुरांच्या अधिवृक्क ग्रंथींमधल्या तशाच पिशव्या घेतल्या आणि त्यांत किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेलं औषध मिसळलं. पिशव्या वेगळ्या काढून किरणोत्सार मोजला, की किती औषध चिकटलं ते समजतं. पण औषध इकडेतिकडेही उगाच चिकटतंच. म्हणून दुसऱ्या नळीत साधं औषध भरपूर घालायचं. ते खऱ्या जागा अडवतं, उरलेलं मोजायचं आणि वजा करायचं. मात्रा वाढवत नेली की एका टप्प्यावर जागा भरतात. निम्म्या जागा किती मात्रेला भरल्या, यावरून पकड कळते. अर्थात हे गणित औषध चिकटतं नि सुटतं, या गृहीतावर चालतं. रेसरपीन तर सुटायलाच तयार नाही! तिथे आकडा जपूनच वाचावा लागतो.

२०२३ मध्ये गोठवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्या प्रथिनात बसलेलं रेसरपीन प्रत्यक्ष दिसलं. मरगळ, चोंदलेलं नाक अशा त्रासांमुळे आता ते क्वचितच देतात. त्याच प्रथिनाला धरून पुन्हा सोडणारं टेट्राबेनाझीन मात्र हंटिंग्टन आजारातल्या अनावर हालचालींवर वापरलं जातं.