क्रीडाप्रेक्षकांमधील हिंसा

सामन्याच्या निमित्ताने पाठीराख्यांनी एकमेकांवर, खेळाडूंवर, पंचांवर, पोलिसांवर किंवा मालमत्तेवर केलेले हल्ले. मैदानातील चेंगराचेंगरी ही वेगळी घटना आहे. तरीही बातम्यांत दोन्ही एकाच नावाखाली येतात आणि या गल्लतीची किंमत मृतांच्या नातलगांना मोजावी लागली आहे.

प्रकार जुना आहे. इ. स. 59 मध्ये पाँपेईच्या रंगमंडलात स्थानिक प्रेक्षक व शेजारच्या न्यूकेरियाचे पाहुणे यांच्यात रक्तपात झाला. रोमन सिनेटने तेथील झुंजींवर 10 वर्षांची बंदी घातली. इ. स. 532 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या रथशर्यतींतील ‘निळे’ व ‘हिरवे’ हे एकमेकांचे हाडवैरी सम्राट जस्टिनियनविरुद्ध एक झाले आणि ‘नीका’ बंडात शहराचा मोठा भाग जळाला.

आधुनिक अभ्यास सुरू झाला तो इंग्लंडच्या फुटबॉलमुळे. 1960 नंतर तेथे तरुणांच्या टोळ्यांची हुल्लडबाजी नियमित होऊ लागली. इयन टेलर यांनी 1971 मध्ये तिची सांगड वर्गाशी घातली : क्लब व्यावसायिक झाले, एकेकाळी आपला वाटणारा खेळ कामगारांच्या हातून निसटला आणि हिंसा हा त्यावरचा निषेध ठरला. पीटर मार्श व सहकाऱ्यांनी ऑक्सफर्ड युनायटेडच्या पाठीराख्यांमध्ये वावरून 1978 मध्ये वेगळेच चित्र मांडले. गॅलरीत अंगावर धावून जाणे, शिव्या, पाठलाग हे सगळे अलिखित नियमांनी बांधलेले असते. कुठे थांबायचे हे सामील झालेल्यांना ठाऊक असते. त्यांच्या मते हा बराचसा विधीच होता. मात्र भोसकलेल्या माणसाचे स्पष्टीकरण या मांडणीत नीट मिळत नाही.

सर्वाधिक चर्चा झाली ती लेस्टर विद्यापीठातील एरिक डनिंग, पॅट्रिक मर्फी आणि जॉन विल्यम्स यांच्या कामाची. नॉर्बर्ट एलियास यांच्या ‘सभ्यीकरणाच्या प्रक्रिये’चा आधार घेऊन त्यांनी जुनी वृत्तपत्रे व फुटबॉल संघटनेची दप्तरे चाळली. पहिल्या महायुद्धापूर्वीही मैदानांवर हाणामाऱ्या होत होत्या, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवले. मारामारीत पुरुषार्थ मानणारी संस्कृती कामगारवर्गाच्या तळच्या वस्त्यांत टिकून राहिली, हा त्यांचा निष्कर्ष. शेफिल्डमधील टोळीसोबत दीर्घकाळ राहिलेल्या गॅरी आर्मस्ट्राँग यांनी तो नाकारला; त्यांना भेटलेले तरुण एकाच थरातले नव्हते.

क्लिफर्ड स्टॉट यांनी प्रश्नाचे तोंडच फिरवले. जमाव मुळात वेडा नसतो. पोलीस सरसकट सर्वांना गुंड समजून वागले की शांत पाठीराखेही भांडखोरांच्या बाजूला सरकतात. 2004 च्या युरोपीय स्पर्धेत पोर्तुगालच्या शहरी पोलिसांनी दंगलविरोधी पथके नजरेआड ठेवून साध्या गणवेशातील पोलीस पुढे केले. त्यांच्या हद्दीत इंग्लिश पाठीराख्यांचे मोठे प्रकार घडले नाहीत. आजच्या बंदोबस्तासाठी सर्वांत उपयोगी सिद्धांत हाच आहे.

दोन दुर्घटना शेजारी ठेवल्या की हा सिद्धांत का हवा, हे कळते. 29 मे 1985 रोजी ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूलच्या पाठीराख्यांनी युव्हेंटसच्या प्रेक्षकांवर चाल केली. मागे हटलेली गर्दी भिंतीशी चिरडली गेली, भिंत कोसळली आणि 39 जण मेले. ही हिंसाच होती. मात्र मैदान मोडकळीला आलेले होते, हेही तितकेच खरे. इंग्लिश क्लबांना 5 वर्षे युरोपीय स्पर्धांतून बाहेर ठेवले गेले, लिव्हरपूलला 6. चारच वर्षांनी, 15 एप्रिल 1989 रोजी, शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानात लिव्हरपूलचेच पाठीराखे कुंपणांमागे घुसमटले. मृतांची संख्या आज 97 धरली जाते. ती हिंसा नव्हती. पोलिसांनी गर्दी चुकीच्या बाजूला सोडली होती. तरी दारूडे हुल्लडबाज म्हणून दोष मृतांवरच ढकलला गेला. पाठीराख्यांचा दोष नव्हता, हा ज्यूरीचा निर्णय यायला 2016 उजाडले. हेझेलमुळे तयार झालेली प्रतिमा या बदनामीच्या कामी आली, हे मान्य करायलाच हवे.

सर्वांना हुल्लडबाज समजण्याची चूक अन्यत्रही झाली. 1 ऑक्टोबर 2022 रोजी इंडोनेशियातील मलांग येथे फुटबॉल सामन्यात यजमान संघ हरल्यावर त्याचे काही पाठीराखे मैदानात उतरले. पोलिसांनी गॅलरीवर अश्रुधूर सोडला आणि अरुंद दरवाजांशी 135 जणांचा जीव गेला. प्रतिस्पर्धी संघाच्या पाठीराख्यांना त्या दिवशी प्रवेशच नव्हता.

भारतात ओळख वर्गापेक्षा वस्ती, भाषा आणि राष्ट्र यांभोवती गुंफलेली दिसते. 13 मार्च 1996 रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारत हरू लागताच बाटल्या मैदानात पडल्या, गॅलरीत आगी लागल्या आणि क्रिकेट विश्वचषकाचा उपांत्य सामना श्रीलंकेला बहाल झाला. कोल्हापुरात फुटबॉल संघ म्हणजे तालीम आणि पेठ. तेथे पाठीराख्यांत दगडफेक होते तेव्हा गोलपेक्षा पेठेची इभ्रत पणाला लागलेली असते. कोलकात्यात मोहन बागान हा मूळच्या पश्चिम बंगालच्या ‘घोटीं’चा, तर ईस्ट बंगाल हा पूर्वेकडून आलेल्या ‘बांगालां’चा संघ मानला जातो; फाळणीनंतरच्या निर्वासितांनी ही चुरस धारदार केली. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवरील त्यांच्या सामन्यात खेळाडूंची बाचाबाची गॅलरीत पोहोचली, चेंगराचेंगरी झाली आणि 16 पाठीराखे मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी 16 ऑगस्टला कोलकात्यात फुटबॉलप्रेमी दिन पाळला जातो आणि रक्तदान केले जाते.