तपासणी कधी वगळावी?

बोरघाटाच्या पायथ्याकडचे आपले पनवेल एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेले होते. मुंबई आणि देश यांच्या दरम्यान चालणाऱ्या गाड्या इथली चाके घेत. आता घाट चढायचा तर चाकाचा आरा न् आरा हलवून पाहावा, हे गाडीवानाला सांगावे लागत नाही. पण गावातल्या गावात शेणखत वाहायचे असेल, तर तो इतकी चिकित्सा करील का?

संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्यांपुढे हाच प्रश्न रोज उभा असतो. मोठी आज्ञावली असंख्य लहान तुकड्यांची बनते. एकेका तुकड्याला ठरावीक आकडा द्यायचा आणि अपेक्षित उत्तर येते का ते पाहायचे, ही झाली ‘युनिट टेस्ट’. तुकडे जोडण्याचे काम आपोआप व्हावे म्हणून १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन तयार केले. जो तुकडा बदलला तेवढाच पुन्हा घडवायचा, बाकीचे तसेच ठेवायचे, ही त्याची युक्ती. म्हणजे बघा, अट घालून काम वगळण्याची कल्पना या यंत्रणेत जवळजवळ जन्मापासूनच आहे!

१९९७ साली केंट बेक आणि एरिक गामा यांनी विमानप्रवासात ‘जेयुनिट’ हे चाचण्यांचे साधन रचले. पुढे ‘मेव्हन’सारख्या साधनांनी जोडणी आणि चाचणी एकाच दावणीला बांधली. चाचणी नापास झाली की जोडणी थांबते. पण चाचण्या हजारांनी वाढल्या की वेळ खातात. एखादीला लागणारी सामग्री प्रत्येक यंत्रावर नसतेही. मग अट घालतात: अमुक सोय नसेल तर ही चाचणी वगळा. यात मला काही गैर वाटत नाही. फक्त ती अट आजही खरी आहे का, हे कुणीतरी पाहिले पाहिजे.

४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील कुरू तळावरून ‘एरियान-५’ हा अग्निबाण प्रथमच उडाला. त्याचे दिशादर्शक उपकरण ‘एरियान-४’मधून घेतलेले होते. जुन्यावर ते खरे उतरले होते, तेव्हा नव्याच्या एकत्रित चाचणीत प्रत्यक्ष उपकरण न लावता त्याची नक्कल चालवली गेली. पण नवा बाण आडव्या दिशेने कितीतरी लवकर वेग घेणारा. त्या वेगाशी निगडित आकडा सोळा बिटांच्या जागेत मावेना. उपकरण बंद पडले. जोडीला ठेवलेले दुसरेही त्याच आज्ञावलीचे, तेही गेले. चाळीस सेकंदांच्या आत बाण वळला आणि फुटला. दैवदुर्विलास असा, की ज्या गणिताने घात केला त्याची उड्डाणानंतर या बाणाला गरजच नव्हती. गणितज्ञ लिओन्स यांच्या चौकशी मंडळाने शक्य तितकी खरी उपकरणे लावून संपूर्ण चाचणी घ्यावी, अशी शिफारस केली.

आज मेव्हन चाचण्यांअखेर चार आकडे छापते: एकंदर किती, नापास किती, बिघडलेल्या किती आणि वगळलेल्या किती. शिक्षकांना हजेरीपटावरील गैरहजरांचा रकाना आठवेल. हा चौथा आकडा कितीही मोठा असला, तरी जोडणी ‘यशस्वी’च ठरते. आणि सरसकट सर्वच चाचण्या वगळायची आज्ञा दिली असेल, तर आकडेही येत नाहीत. चाचण्या वगळल्या आहेत, एवढी एकच ओळ येते.