वाराच्या पट्टीने मापलेला वाघ

यंत्र एकाचं आणि त्याला फिरवणारं बळ दुसऱ्याचं, याचं इचलकरंजीला कधी नवल वाटलं नाही. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग बसवला. त्यामागे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचं पाठबळ होतं. पुढे लाइनशाफ्ट आणि पट्टे गेले, मागामागाला स्वतंत्र मोटर आली, सांगाडा मात्र तोच राहिला. वडापच्या जुन्या पेट्रोल जीपमध्येही डिझेल इंजिन टाकून माणसं तिच्याकडून आणखी काही वर्षं काम काढून घेत. त्या जीपचं कूळ सांगायचं तर दोन आडनावं सांगावी लागत.

सनबीम टायगर ही अशीच दोन आडनावांची गाडी. शरीर ब्रिटिश, इंजिन अमेरिकन.

या सोयरिकीचं मूळ करात आहे. 1947 पर्यंत ब्रिटनमध्ये मोटारीचा कर इंजिनातल्या सिलिंडरांची संख्या आणि त्यांचा व्यास पाहून ठरे. साहजिकच तिथले कारखानदार अरुंद सिलिंडरांची लहान इंजिनं करत. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त आणि रस्ते लांबलचक, त्यामुळे तिथली इंजिनं ऐसपैस. फोर्डने तर 1932 मध्येच आठ सिलिंडरांचं व्ही-एट सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आणलं. मग चपळ ब्रिटिश गाडीत दांडगं अमेरिकन इंजिन टाकायची कल्पना कुणाला ना कुणाला सुचणारच. 1933 मध्ये रेल्टन गाडी हडसनच्या इंजिनावर निघाली. सिडनी अ‍ॅलार्डची कॅडिलॅक इंजिनाची गाडी 1950 च्या ल मान्स शर्यतीत तिसरी आली. 1962 मध्ये टेक्सासच्या कॅरोल शेल्बीने एसी कंपनीच्या गाडीत फोर्डचं व्ही-एट बसवलं आणि कोब्रा जन्मली.

ब्रिटनच्या रूट्स कंपनीकडे तेव्हा सनबीम अल्पाइन होती. दिसायला नाजूक, चालवायला गोड. पहिल्या बाँडपटात जेम्स बाँडनेही तीच चालवली. पण दीड-पावणेदोन लिटरच्या इंजिनाची ही गाडी कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर मागे पडे. रूट्सचा तिथला विक्रीप्रमुख इयान गॅरॅड याने ठरवलं की हिलाही व्ही-एट हवं. पण बॉनेटखाली मावेल असं व्ही-एट कोणतं? त्याने सर्व्हिस मॅनेजर वॉल्टर मॅकेन्झीला मापं घ्यायला धाडलं. हत्यार कोणतं, तर यार्डाची पट्टी. आपल्या कापडदुकानातला वारच की तो! वेगवेगळ्या गाड्यांची बॉनेटं उघडून मॅकेन्झीने इंजिनं मापली आणि वाराने कौल दिला तो फोर्डच्या बाजूने. पातळ ओतकामामुळे हलकं झालेलं, 260 घन इंचांचं, म्हणजे सुमारे 4.3 लिटरचं ते इंजिन. कोब्रातही हेच बसलं होतं.

1963 मध्ये शेल्बीने जोडकामाचे 10,000 डॉलर आणि आठ आठवडे मागितले. गॅरॅडला धीर कुठला! त्याने रेसर केन माइल्सला अवघ्या 800 डॉलरमध्ये घाईघाईचा एक नमुना करायला लावला. इंजिन खरंच मावतं हे त्यावरून कळलं. शेल्बीचा नमुना नीटस होता. जुनं स्टिअरिंग इंजिनाच्या आड येत होतं म्हणून त्याने ते काढलं आणि रॅक-पिनियन बसवलं. गाडी इंग्लंडला गेली, लॉर्ड रूट्सनी स्वतः चालवून पाहिली आणि उत्पादनाला होकार दिला.

नाव मिळालं टायगर. 1926 मध्ये हेन्री सेग्रेव्हने जमिनीवरच्या वेगाचा विक्रम केला, त्या सनबीमचं हे नाव. 1964 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली. ताकद 164 अश्वशक्ती, म्हणजे अल्पाइनच्या जवळजवळ दुप्पट. बांधणीचं काम वेस्ट ब्रॉमिचच्या जेन्सन कारखान्याकडे गेलं. तिथे रंगवून आलेल्या बॉडीच्या आतल्या पत्र्यावर कामगार घण घालत, तेव्हा कुठे इंजिनाला जागा होई.

रूट्सचा आणि या कथेत पुढे येणाऱ्या अमेरिकन क्रायसलर कंपनीचा संसार मुंबईतही होता. रूट्सने 1949 मध्ये ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया उभारली. पुढे मालक बदलले आणि लॅम्ब्रेटा स्कूटर याच कंपनीने घरोघरी नेली. क्रायसलरच्या परवान्यावर वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने 1947 पासून कुर्ल्यात गाड्या जोडल्या.

टायगरवर घाव पडला तो याच क्रायसलरमुळे. 1964 मध्ये तिने रूट्समध्ये पैसा घातला, 1967 पर्यंत कंपनी ताब्यात घेतली. आता आपल्या गाडीत हाडवैरी फोर्डचं इंजिन कसं चालणार? क्रायसलरकडे स्वतःचं लहान व्ही-एट होतं, पण त्याचा डिस्ट्रिब्युटर मागच्या बाजूला, फोर्डचा पुढे. मागे तर घण घालून काढलेली बोटभर जागा. तिथे आणखी काही बसेना. इंजिन बदलता येईना आणि ठेवणं परवडेना, म्हणून 1967 मध्ये गाडीच बंद झाली. तोवर जेमतेम सात हजार निघाल्या होत्या. 289 घन इंचांच्या मोठ्या इंजिनाची दुसरी आवृत्ती तर काही शेकड्यांतच आटोपली. तिच्या अंगावर फोर्डचं नाव नव्हतं; बिल्ला होता नुसता 'सनबीम व्ही-एट'.

माहेरचं नाव असं पुसलं, तरी जोड लपला नाही. या इंजिनाचा अगदी मागचा एक स्पार्क प्लग बॉनेटमधून हाती येत नाही. तो बदलायचा तर मेस्त्रीने गाडीत बसायचं, पायाजवळच्या पत्र्यातलं रबरी बूच काढायचं आणि त्या भोकातून पाना आत घालायचा.