किनेसिऑलॉजी टेप
स्नायू व सांधे यांच्या वेदनेवर त्वचेला चिकटवावयाची लवचिक सुती पट्टी. जपानी कायरोप्रॅक्टर केन्झो कासे यांनी १९७० नंतरच्या दशकात ती प्रचारात आणली आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्श हिच्या खांद्यावर दिसल्यापासून तिचा जगभर बोलबाला झाला. कोपरे गोल कातरून, टोके न ताणता व मधला भाग बेताने ताणून ती बसवितात आणि उबेने चिकटद्रव्य धरावे म्हणून वरून हात चोळतात. मग स्नान करूनही ती तीन-चार दिवस टिकते. त्वचा किंचित उचलली जाऊन रक्ताभिसरण सुधारते, हा पुरस्कर्त्यांचा दावा मात्र सबळ पुराव्याने शाबीत झालेला नाही. वेदनेस मिळणारा उतार अल्प व तात्पुरता असतो, सबब व्यायामोपचाराची जागा तिला देणे गैर होय. उघड्या जखमेवर ती वर्ज्य आहे.