माथेरानची ओली गादी
जूनअखेर माथेरानला उतरलो त्या हॉटेलात गादीला कुबट वास होता. उशी दाबली की ओल बोटांना लागे. 'दरीकडची खोली' म्हणून दिलेल्या खोलीची खिडकी उघडली, तर समोर शेवाळलेली भिंत. रात्रभर डोळा लागला नाही. फार वाईट वाटलं, कारण हे गाव विसाव्यासाठीच वसलं. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आला, मग मुंबईकरांचे बंगले उठले. पाऊस लागायच्या आत साहेबमंडळी खाली उतरत. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या पैशांतून नेरळहून दोन फुटी रुळांची गाडी वर आली. मोटारींना मात्र आजही दस्तुरी नाक्यापुढे बंदी. माझी बॅग हमालाने डोक्यावरून आणली, आणि तळाची तांबडी माती पंचाने पुसून मगच खोलीत ठेवली.